विल्सन आजार : मुलांचे जेवण, घरची भांडी आणि आपली जबाबदारी



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो, आयुष्यभर जमा-नावे पाहिले आणि आता निवृत्त होऊन राजेगावला राहतो. तरीही आजाराबद्दल लिहायला बसलो, कारण हा आजार माझ्याच नात्यात निघाला. घरच्यांनी परवानगी दिली आहे, म्हणून नावे न घेता लिहितो.

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू आठ वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. औषधपाणी, पथ्य झाले, उतरली. सहा महिन्यांनी पुन्हा झाली. त्या वेळी मी त्यांच्याकडे गेलो तो तांब्याचा एक गडवा घेऊन. रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी उपाशीपोटी पोराला द्या, यकृत साफ होते, असे मी स्वतः सांगितले. पोरगा आज्ञाधारक, रोज प्यायचा. पुढे त्याचे अक्षर बिघडले. पायावर सूज आली. मग नागपूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि नंतर विचारले, "घरी पाणी कशातून पिता?" बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आजार तुमच्या गडव्याने झालेला नाही, तो जन्मापासून आहे. पण तो गडवा आजच बंद करा." हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहे. आपल्या प्रत्येक घरी तांब्या-पितळेची भांडी आहेत आणि कावीळ झाली की सल्ला देणारा माझ्यासारखा एक वडीलधाराही आहे.

आजार म्हणजे नेमके काय

तांबे हे विष नाही. शरीराला ते रोज लागते, पण अगदी थोडे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ०.९ मिलिग्रॅम आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलाला ०.७ मिलिग्रॅम पुरते. जेवणातून त्याहून थोडे जास्तच येते. निरोगी यकृत गरजेपुरते ठेवते आणि उरलेले पित्तातून आतड्यात सोडते, तिथून ते शौचावाटे जाते.

विल्सन आजारात हा बाहेर काढण्याचा मार्ग चालत नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर खात्यात रोज भरणा होतो, पण पैसे काढण्याची खिडकी बंद. शिल्लक वाढत जाते. आधी यकृतात साठते, तिथे जागा उरली नाही की रक्तातून मेंदूत आणि डोळ्यांत जाते. यकृतात साठले की कावीळ, सूज, पोटात पाणी. मेंदूत साठले की अक्षर बिघडणे, हात थरथरणे, बोलणे अडखळणे, लाळ गळणे, अभ्यासात मागे पडणे, स्वभाव चिडका होणे. डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे दिसू शकते, ते नेत्रतज्ज्ञ खास यंत्राने पाहतात.

१९१२ मध्ये डॉ. किनिअर विल्सन यांनी लंडनमध्ये याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. मूळ दोष तेराव्या गुणसूत्रावरच्या 'एटीपी७बी' नावाच्या जनुकात आहे. ते जनुक १९९३ मध्ये सापडले. आजार दुर्मीळ आहे, जगात साधारण तीस हजारांत एक असे सांगतात. पण आपल्या देशात तो नवा नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तीन दशकांत तपासलेल्या २८२ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता.

आपल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. त्यामुळे नात्यातल्या एकाने मला विचारले, "तिकडच्या पाण्याने तर झाले नाही?" नाही. हा आजार खाणीने, पाण्याने किंवा कुणाच्या स्पर्शाने होत नाही. तो आई आणि वडील दोघांकडून मिळतो.

जेवणात काय टाळायचे

निदान झाल्यावर घरात पहिला प्रश्न पडला तो हाच : आता याला खायला काय द्यायचे? घाबरून बहिणीच्या सुनेने डाळ, भाजी, फळे सगळेच कमी केले. पोरगा महिन्याभरात वाळला. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला समजावले की तांबे जवळजवळ प्रत्येक अन्नात असते, ते शून्य करता येत नाही आणि करायचेही नाही. वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे हे पथ्य नव्हे. ज्या थोड्या पदार्थांत तांबे फार जास्त आहे, तेवढेच बाजूला ठेवायचे.

शंभर ग्रॅममध्ये तांबे किती, याचा अंदाज असा : तिळात सुमारे ४ मिलिग्रॅम, कोको पावडरमध्ये पावणेचारच्या आसपास, काजूत २.२, अक्रोडात १.६, जवसात १.२, शेंगदाण्यात १.१. बोकडाच्या कलेजीत या सगळ्यांहून जास्त. उलट कच्च्या तांदळात ०.२ आणि दुधात तर नावापुरते.

आता हिशोब पाहा. संक्रांतीच्या दोन तिळाच्या लाडवांत वीस ग्रॅम तीळ धरले तर तांबे झाले ०.८ मिलिग्रॅम. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाची पूर्ण दिवसाची गरज दोन लाडवांतच ओलांडली. शंभर ग्रॅम तांदळाचा भात मात्र पोटभर खाल्ला तरी ०.२ च.

उपचाराच्या सुरुवातीला, निदान पहिले वर्षभर किंवा तपासण्या सुधारेपर्यंत, हे पदार्थ बंद ठेवायला सांगतात :

कलेजी, वजडी आणि प्राण्यांचे इतर आतले अवयव. खेकडे, शिंपले, झिंगे. काजू, अक्रोड, बदाम आणि सुकामेव्याचे लाडू. तीळ, जवस, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया. चॉकलेट, कोको घातलेली बिस्किटे आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी. मशरूम, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे आवडीने खातात त्या सात्यासुद्धा. सोयाबीन आणि सोयावडी.

शेंगदाणे, राजमा, हरभरे, मनुका यांबाबत प्रमाण डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावे. आमच्याकडे भाजीत दाण्याचा कूट घालणे थांबवले, पण पोह्यांत चार दाणे आले तर कोणी काढत बसत नाही.

जे बिनधास्त चालते त्याची यादी मोठी आहे. आपला भात, पोळी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, दूध, दही, ताक, पनीर, अंडे, नदीतली मासळी, कोंबडी (कलेजी काढून), दुधी, दोडका, पडवळ, भेंडी, कोबी, गाजर, केळी, पपई, सफरचंद. आपण भात खाणारी माणसे, त्यामुळे आपल्या भागातले रोजचे जेवण या मुलांना मुळातच बरे आहे. शाकाहारी जेवणातले तांबे अंगी कमी लागते, हाही एक फायदा.

जवसाची चटणी आणि तिळगूळ यांचे काय, हा आमच्या घरी भावनेचा प्रश्न झाला होता. सुनेने तोड काढली. संक्रांतीला मुरमुरे-गुळाचे लाडू करते आणि सगळ्या पोरांना तेच देते. त्यामुळे आमच्या पोराला वेगळे बसवल्यासारखे वाटत नाही. जवसाच्या जागी लसणाची आणि कोथिंबिरीची चटणी आली.

आणखी दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतात. बाजारातल्या ताकदीच्या सिरपांत आणि गोळ्यांत इतर खनिजांबरोबर तांबेही असते, तेव्हा बाटलीवर 'कॉपर' किंवा 'क्युप्रिक' लिहिले आहे का ते वाचावे. दुसरी गोष्ट भस्मांची. काविळीसाठी घरोघरी दिली जाणारी आरोग्यवर्धिनी वटी हिच्या पारंपरिक कृतीत ताम्रभस्म असते. इतरांचा प्रश्न वेगळा, पण विल्सनच्या मुलाला ती किंवा ताम्रभस्माचे कोणतेही औषध देऊ नये. घेत असलेले प्रत्येक औषध, काढा, चूर्ण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

भांड्यांची गोष्ट

घरातल्या वयस्कर मंडळींना जे पटवणे सगळ्यांत अवघड जाते, ते भांड्यांचे. तांबे अंगी घेणे म्हणजे आरोग्य, असे आपण लहानपणापासून ऐकले. शेजारचा भंडारा जिल्हा तर पितळी भांड्यांसाठीच प्रसिद्ध. लेकीला लग्नात पितळेचा गुंड देणे ही आपल्याकडे मानाची गोष्ट होती.

पण पितळात मोठा भाग तांब्याचाच असतो, बाकी जस्त. काशातही तांबेच, सोबत कथील. पूर्वी कल्हईवाला गल्लीत यायचा, आतून कथिलाचा थर द्यायचा, मग अन्नाला धातू लागत नसे. कल्हई उडाली की आंबट वरण, ताक, चिंचेचे सार हिरवट व्हायचे. आपल्या आया ते टाकून देत, कारण ते 'कळकले' हे त्यांना ठाऊक होते.

याच भांड्यांनी एकेकाळी किती मुले नेली, याची खरी हकीकत पुण्याची आहे. सहा महिने ते तीन-चार वर्षांच्या बाळांचे पोट फुगायचे, यकृत दगडासारखे व्हायचे आणि बहुतेक मुले काही महिन्यांत जात. डॉक्टर त्याला भारतीय बालयकृत काठिण्य म्हणत, बाया म्हणत 'पोराचे लिव्हर वाढले'. या मुलांच्या यकृतात भरमसाट तांबे सापडत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह याचा माग काढला. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडले की तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले गाईम्हशीचे दूध फार लहान वयात दिले जाणे हे याचे कारण असू शकते. १९८७ मध्ये त्यांनी आजारी मुले आणि निरोगी मुले यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली, तीही त्याच दिशेने बोट दाखवणारी होती. दुधातले केसीन हे प्रथिन पितळेतले तांबे धरून ठेवते, हेही पुढे दिसले.

सगळ्या डॉक्टरांचे यावर एकमत नव्हते. मुलांत काही आनुवंशिक कमजोरीही असावी, असे अनेकांना वाटे. पण अंगावरचे दूध जास्त काळ देणे आणि भांडी बदलणे हा सल्ला घरोघर गेला, स्टीलही स्वस्त झाले आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही असेच घडले. तिथे १९०० ते १९७४ या काळात असाच आजार झालेल्या १३८ बाळांची नोंद आहे. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतले दूध मागे पडले आणि आजारही थांबला.

तो आजार आणि विल्सन हे दोन वेगळे आजार आहेत, हे लक्षात ठेवावे. पण धडा एकच : ज्या मुलाला तांबे बाहेर टाकता येत नाही, त्याच्यासाठी भांडे हाही आहाराचाच भाग आहे.

म्हणून आमच्या बहिणीच्या घरी स्वयंपाकाला, दुधाला आणि पाण्याला फक्त स्टील. तांब्याचे गडवे, पितळेचा गुंड देवघरात आणि शोभेला. पोराला तीर्थही स्टीलच्या पळीने देतात. देवाने अजून तक्रार केलेली नाही. निरोगी माणसासाठी तांब्यातले साधे पाणी सहसा घातक नसते. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आणि आपल्या भारतीय मानकाची कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. पण आंबट पदार्थ, ताक, लिंबूपाणी मात्र कोणीच तांब्या-पितळेत ठेवू नये. घरात तांब्याचे नळ-पाइप किंवा तांब्याची टाकी असलेला फिल्टर असेल तर तोही या मुलांसाठी बदलावा.

पथ्य हे औषध नव्हे

या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. कितीही कडक पथ्य पाळले तरी त्याने विल्सन आजार बरा होत नाही. आधीची शिल्लक पथ्याने निघत नाही. ती काढायला औषधच लागते आणि ते जन्मभर लागते.

पेनिसिलामीन हे पोटातून घेता येणारे पहिले औषध डॉ. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पुढे आणले. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. ट्रायएन्टीन हे दुसरे, तसेच काम करणारे. तिसरे जस्त, म्हणजे झिंक. ते आतड्यातच तांबे अडवते. कोणते, किती, हे डॉक्टर ठरवतील. घरच्यांचे काम वेळ सांभाळण्याचे. पेनिसिलामीन रिकाम्या पोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर द्यायचे असते, नाहीतर निम्मे वाया जाते. सोबत बी-६ जीवनसत्त्व देतात. झिंकही जेवणापासून दूर, आणि दोन्ही औषधे असतील तर एकाच वेळी नाही. आमच्या सुनेने स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगले आहे, गोळी दिली की खूण. बँकेत आम्ही इतक्या निगुतीने रजिस्टर ठेवत नव्हतो.

धोका येतो तो मुलगा बरा दिसू लागल्यावर. अक्षर सुधारते, सूज उतरते, शाळा सुरू होते, मग कोणीतरी म्हणते, "आता कशाला एवढ्या गोळ्या? किडनी खराब होतील." औषध अचानक बंद केल्याने काही महिन्यांत यकृत निकामी होऊन माणसे गेली आहेत. औषधाचा त्रास होत असेल, अंगावर पुरळ, ताप, लघवीला फेस, किंवा सुरुवातीला थरथर वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, पण स्वतःच्या मनाने थांबवू नये. ठरलेल्या तारखेला रक्त, लघवी आणि चोवीस तासांच्या लघवीतले तांबे तपासून घ्यावे. काविळीच्या 'ए' आणि 'बी' प्रकारांच्या लसी घ्याव्यात. पुढे मोठेपणी दारूला कायमची मनाई.

भाऊ-बहिणींची तपासणी आणि लग्नाचा प्रश्न

नागपूरच्या डॉक्टरांनी निघताना विचारले होते, "याला भावंडे किती?" एक बहीण, वय पाच, हसती-खेळती. तिला काय झाले, असे सगळ्यांना वाटले. तपासले तर तिलाही तोच आजार, फक्त अजून काही बिघडले नव्हते. तिचे औषध तेव्हाच सुरू झाले. आज ती दुसरीत आहे आणि तिला एक दिवसही कावीळ झालेली नाही. भावाला जे भोगावे लागले ते तिच्या वाट्याला आले नाही, केवळ एका तपासणीमुळे.

आई-वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः पूर्ण निरोगी असतात, त्यांना पथ्य-औषध काही लागत नाही. साधारण नव्वद माणसांत एक वाहक असतो असे मानतात, म्हणजे आपल्या मेळाव्याच्या मांडवात दहा-वीस तरी सहज असतील आणि त्यांना ते ठाऊकही नसेल.

त्यामुळे दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. पहिली, हा दोष सुनेने माहेरून आणला, असे म्हणणे चूक आहे. तो दोन्ही घरांतून आल्याशिवाय मूल आजारी होतच नाही. आमच्या सुनेने हे बोल ऐकले आहेत, आमच्याच माणसांकडून. दुसरी, मामे-आतेभावंडांत लग्न झाले तर दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. ज्या घराण्यात हा आजार निघाला आहे, त्यांनी नात्यात सोयरीक करण्यापूर्वी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.

आणि आजार असलेल्या मुलामुलींचे लग्न? होते. औषध नियमित घेणारा माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. मुलींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध न थांबवता, मुले होतात. जोडीदार वाहक नसेल तर त्यांच्या मुलांना आजार होत नाही, ती फक्त वाहक होतात. परिचय मेळाव्यात लोक हे लपवतात, म्हणून भावंडांची तपासणी राहून जाते. लाजेपायी एखादे पोर जाणे, याहून मोठे नुकसान कोणते?

मंडळाला माझी विनंती आहे. मेळाव्यातल्या आरोग्य तपासणीत एवढे एक वाक्य सांगावे : लहान मुलाला पुन्हा पुन्हा कावीळ होत असेल, किंवा शिकत्या मुलाचे अक्षर आणि बोलणे बिघडत असेल, तर डॉक्टरांना 'विल्सनची तपासणी करायची का?' असे विचारा. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांची लघवी आणि डोळ्यांची तपासणी, यांपासून सुरुवात होते.

तो गडवा आता माझ्याकडे आहे. बहिणीने परत दिला. त्यात पाणी भरतो, पण तुळशीला घालायला. पोरगा आला की मुद्दाम विचारतो, "आजोबा, मला देता का यातले?" मी म्हणतो, "नाही रे बाबा, तुझ्यासाठी स्टीलचा पेला आहे."

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, राजेगाव